पहिल्या तासाचं माप

“बाई, द्यायची की नाही, एवढंच सांगा ना! गुरुवारी सही करायचीय.”

रेवती खोडके, नर्सिंगचं तिसरं वर्ष. थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी, आणि घरात जुळली ती नेमकी हिचीच. महिन्यापूर्वी वर्गात याच विषयावर चर्चा झाली, तेव्हा हिनेच उभं राहून ठणकावलं होतं, “एक किडनी द्यायला घाबरता? मग नर्सिंगला आलात कशाला?” टाळ्या काय पडल्या होत्या! आता मात्र स्वतःचीच सही करायची वेळ आली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान… पुढचं तिला आठवायचंही नव्हतं.

वॉर्डच्या मुख्य सिस्टर साळवेबाईंनी किडनीच्या या वॉर्डात तीस वर्षं काढलेली. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं…

“चार नंबरची लघवी मोजून ये.”

चार नंबरला गजू होता. त्याला सकाळीच त्याच्या आईची किडनी बसवून नुकतंच वॉर्डात आणलं होतं. दर तासाला लघवी मोजायची आणि तक्त्यात लिहायची, एवढंच काम.

रेवतीने पिशवीतली लघवी भांड्यात घेतली. डोक्यात गुरुवार. जनरल वॉर्डातल्या सवयीने तिने ती सिंकमध्ये ओतली आणि भांडं स्वच्छ विसळून ठेवलं.

तक्ता हातात घेतला, तेव्हा पहिल्या तासासमोर लिहायला आकडाच नव्हता.

“बाई… न मोजताच ओतली.”

“नव्या किडनीची पहिली होती गं ती.”

एवढंच. आवाज चढला नाही. बाईंनी पहिल्या तासासमोर लिहिलं, ‘मोजली नाही’. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं, असं रेवतीला झालं.

पुढच्या तासाला बाई स्वतः आल्या. गुडघे दुखत असूनही खाली बसल्या, थेंब न् थेंब भांड्यात घेतला, मोजला. मग भांडं दोन्ही हातांनी धरून शेजारच्या खोलीत निघाल्या. रेवती मागोमाग.

तिथे गजूची आई, पार्वताबाई. शुद्धीवर आल्यापासून तिचा एकच धोशा.

“झाली का हो माझ्या पोराला?”

बाईंनी भांडं खिडकीच्या उजेडात धरलं.

“ही बघा. दोनशे चाळीस.”

पार्वताबाई बघतच राहिली. सलाईन लावलेला हात तिने कपाळाला लावला.

“चालू झाली… माझ्यातली त्याच्यात चालू झाली गं बाई!”

रेवतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही गोष्ट तिने शंभरदा नाक मुरडून ओतली होती. आज त्याच भांड्याकडे ती डोळे भरून बघत होती.

“मावशी, भीती नाही वाटली?”

“नाही कशी? आत नेताना वाटलं, उठावं न् धूम पळावं!” पार्वताबाई हसली आणि टाके दुखले तशी कळवळली. “अगं आई गं… आणा हो, अजून एकदा दाखवा.”

बाहेर आल्यावर रेवती थांबली.

“बाई, मी पण घाबरलेय. खूप. मग मी सही करू…?”

साळवेबाईंनी भरलेलं भांडं तिच्या हातात दिलं. तिचे हात लटलट कापायला लागले. तिने घाईने भांडं खाली ठेवायला जागा शोधली…

“कापू दे हात,” बाई म्हणाल्या. “सांडू नकोस म्हणजे झालं.”