बांधाचं भोक कोण बुजवणार?

एक होतं तळं. म्हैस आत बसली की भरून जायचं, एवढंसं. एका बाजूनं झरा यायचा, झुळुझुळु. दुसऱ्या बाजूला मातीचा बांध.

तळ्यात राहायची टिपरी बेडकी. अंगठ्याएवढी. पण राग? राग हा एवढा मोठा!

टिपरीची पिल्लं तळ्यात पोहायची. काळी काळी, शेपटीवाली. सुळुक सुळुक. त्यांना अजून पाय फुटले नव्हते. पाणी गेलं तर बिचारी जाणार कुठं?

तळ्यावर सावड होती. सावड म्हणजे काय? आज तुझं काम सगळ्यांनी करायचं. उद्या माझं काम सगळ्यांनी करायचं. टिपरी सगळ्यांच्या कामाला जायची. टुणुक टुणुक, सगळ्यांच्या आधी.

एक दिवस काय झालं? बांधाला पडलं भोक! पाणी निघालं बाहेर. बुळुक बुळुक. बुळुक बुळुक.

"आई, आई, पाणी चाललं!" पिल्लं ओरडली.

टिपरीनं मातीचा गोळा आणला. भोकावर मारला. थाप! थोडा वाहिला. थोडा राहिला.

"एकटीचं काम नाही हे," टिपरी म्हणाली. "सावडीला बोलावते."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिपरी गेली खेकड्याकडे. खेकडा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसला होता.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, सावडीला चल!
भोक काही बुजेना,
पाणी काही थांबेना,
पिल्लांना पोहता येईना!"

खेकडा म्हणाला, "नुसती माती वाहून जाईल. आधी गाढवाला दगड ठेवू दे. मग मी माती उकरतो."

"तुझं बीळ ढासळलं, तेव्हा मी आले होते ना?"

"आली होतीस."

"मग?"

"मग काय? आधी गाढव!"

टिपरीचे गाल फुगले. टम्म! पण टिपरी बसून राहिली नाही. मातीचा गोळा आणला. भोकावर मारला. थाप! थोडा वाहिला. थोडा राहिला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिपरी गेली गाढवाकडे. गाढव उभ्या उभ्या पेंगत होतं.

"गाढवदादा, गाढवदादा, सावडीला चल!
खेकडा माती उकरेना,
भोक काही बुजेना,
पाणी काही थांबेना,
पिल्लांना पोहता येईना!"

गाढवानं एक डोळा उघडला. "दगड घसरेल गं. आधी म्हशीला चिखल तुडवू दे. मग मी दगड ठेवतो." आणि डोळा परत मिटला. ढिम्म!

टिपरीचे गाल फुगले. टम्म टम्म! पण टिपरी बसून राहिली नाही. मातीचा गोळा आणला. भोकावर मारला. थाप! थोडा वाहिला. थोडा राहिला.

पाणी चाललंच होतं. बुळुक बुळुक. पिल्लांच्या शेपट्या खाली चिखलाला लागल्या.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिपरी गेली म्हशीकडे. म्हैस रवंथ करत होती. चपक चपक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, सावडीला चल!
गाढव दगड ठेवेना,
खेकडा माती उकरेना,
भोक काही बुजेना,
पाणी काही थांबेना,
पिल्लांना पोहता येईना!"

म्हैस म्हणाली, "नुसता चिखल धरत नाही बाई. आधी कावळ्याला गवत आणू दे. मग मी चिखल तुडवते."

"अगं, बांध तुझ्याच खुरानं फुटला! खूण आहे तिथं!"

"असेल," म्हैस म्हणाली. चपक चपक.

असेल म्हणे! बघा बाई! मला तर असा राग आला! तुम्हाला आला का?

टिपरीचे गाल फुगले. टम्म टम्म टम्म! पण टिपरी बसून राहिली नाही. मातीचा गोळा आणला. भोकावर मारला. थाप! थोडा वाहिला. थोडा राहिला.

आता पाणी उरलं वाटीभर. पिल्लं एकमेकांना चिकटली. "आई, लवकर!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिपरी गेली कावळ्याकडे. कावळा बाभळीवर पंख साफ करत बसला होता.

"कावळोबा, कावळोबा, सावडीला चल!
म्हैस चिखल तुडवेना,
गाढव दगड ठेवेना,
खेकडा माती उकरेना,
भोक काही बुजेना,
पाणी काही थांबेना,
पिल्लांना पोहता येईना!"

कावळा म्हणाला, "गवत कशात घालू? माती कुठंय? आधी खेकड्याला माती उकरू दे. मग मी गवत आणतो."

काय? खेकडा?

खेकडा म्हणतो, आधी गाढव. गाढव म्हणतं, आधी म्हैस. म्हैस म्हणते, आधी कावळा. आणि कावळा म्हणतो, आधी खेकडा! मीही राणी, तूही राणी, पाणी भरायचं कोणी?

टिपरी लाल झाली. गाल इतके फुगले, इतके फुगले, की डोळे दिसेनात. आणि मग,

"डराँऽऽऽव!"

बाभळीची पानं हलली. कावळा फांदीवरून घसरला.

"माती नाही म्हणतोस? ये खाली! डोळे उघडून बघ!"

कावळा आला खाली. बघतो तर काय? भोकाशी मातीचा ढीग! प्रत्येक गोळा थोडा वाहिला होता. पण थोडा राहिला होता ना? त्याचाच झाला होता ढीग. छोटासाच होता. पण माती ती मातीच!

"ही माती. कुणी आणली? मी! आता आण गवत!"

कावळ्याची सबबच उरली नाही.

कावळा उडाला. फडफड फडफड! गवत आणलं.

टिपरी ओरडली, "म्हैसमावशी, गवत आलं. ऊठ!"

म्हैस उठली. पचक पचक! चिखल तुडवला.

"गाढवदादा, चिखल झाला. ऊठ!"

गाढव उठलं. धप्प! दगड ठेवला.

"खेकडेभाऊ, दगड बसला. ऊठ!"

खेकडा उठला. खरर खरर! माती उकरली. फटी लिंपल्या.

भोक बुजलं. पाणी थांबलं. झरा आला झुळुझुळु. तळं भरायला लागलं.

"बघ," खेकडा म्हणाला, "केलं की नाही आपण?"

"आपण?" टिपरी म्हणाली. गाल अजून फुगलेलेच होते.

ऊन चढलं. म्हशीचं अंग तापलं. "चला रे, डुंबू या," म्हैस म्हणाली, आणि निघाली पाण्याकडे.

"थांब!" टिपरी म्हशीसमोर उभी राहिली. अंगठ्याएवढी टिपरी, डोंगराएवढी म्हैस. "आधी माझी पिल्लं पोहतील. मन भरेपर्यंत पोहतील. तोवर पाण्यात कुणीही पाय घालायचा नाही!"

"ऊन लागतंय गं."

"लागू दे!"

म्हैस मागे सरली. गाढव मागे सरलं. खेकडा मागे सरला. कावळा तर मघापासून मागेच होता. सगळे काठावर बसले, एकमेकांची तोंडं बघत. काही बिघडलं नाही. वाट बघत बसायची त्यांना सवय होतीच!

आणि पिल्लं? सुळुक सुळुक! सुळुक सुळुक! इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"आई, अजून एक चक्कर मारू?"

"मारा," टिपरी म्हणाली. तिचे गाल हळूच खाली बसले. "हव्या तेवढ्या मारा."

पाणी तळ्यात, पिल्लं पाण्यात, आणि गोष्ट तुमच्या कानात!