सोपान मास्तरची सुई

"दया पाळा ते ठीक आहे, महासतीजी. ते तुम्ही येणाऱ्या प्रत्येकालाच म्हणता. मी नाशिकला जाऊ की नको, तेवढं सांगा."

महासती दीपकंवरजी झोळी शिवत होत्या. गोचरीची, म्हणजे भिक्षेची, पात्रं ज्या झोळीत ठेवतात, ती एका कोपऱ्यात फाटली होती.

"सगळ्यांनाच म्हणते, खरं आहे," त्या म्हणाल्या आणि टाका घातला.

हिंगणपेठेच्या जैन स्थानकात दुपारी तीनचा सुमार. दोन बायका भिंतीशी सामायिकात, डोळे मिटून ध्यानाला बसल्या होत्या. धाकट्या साध्वी अर्पिताश्री खिडकीपाशी पोथी वाचत होत्या. पुढ्यात मांडी घालून बसलेले मदनलाल बोथरा, वय बावन्न, कापड दुकानदार. मांडीवर शंभर पानी वही.

मदनलाल हे विचार केल्याशिवाय काही न करणारे गृहस्थ. असं ते स्वतःच सांगत, न विचारता.

"मुलगा ऋषभ नाशिकला नोकरीला आहे. बायकोचं मन तिकडंच लागलंय. इथं दुकानात गिऱ्हाईक राहिलं नाही, सगळे तयार कपडे घेतात. पण म्हणून लगेच उठून जाणारा मी नाही. दोन वर्षं अभ्यास केलाय."

त्यांनी वही उघडली.

"नाशिकला सात वेळा जाऊन आलो. उन्हाळ्यात, पावसात, थंडीत. तीन वसाहती पाहिल्या. कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी येतं, दवाखाना किती पावलांवर आहे, जैन स्थानक कुठं आहे, सगळं लिहिलंय. सत्तेचाळीस माणसांना विचारलं. डॉक्टर, वकील, दोन ज्योतिषी, बदलीवर तिथं राहून आलेला एक तहसीलदार. सगळ्यांची नावं आहेत यात."

"काय म्हणाले?"

"चोवीस म्हणाले, जा. तेवीस म्हणाले, राहा."

दीपकंवरजींनी दोरा ओढला.

"म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही अठ्ठेचाळिसाव्या."

"मी राहा म्हटलं तर चोवीस-चोवीस होतील," त्या म्हणाल्या.

खिडकीपाशी अर्पिताश्रींनी पोथी जरा वर धरली. मुखवस्त्रिकेमागे त्या हसल्या की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

मदनलाल मात्र हसले नाहीत. "चेष्टा नका करू, महासतीजी. झोप लागत नाही मला."

"मदनलालजी, गृहस्थानं कुठं राहावं, कुठं जावं, हे साध्वीनं सांगायचं नसतं. आमच्या मर्यादेत ते बसत नाही."

"बाकी सगळं सांगता..."

"हे नाही."

"तुम्ही स्वतः तर सारखं गाव बदलता. पंचेचाळीस वर्षं झाली दीक्षेला. उद्या इथून कुठं जाणार?"

"क्षेत्रस्पर्शना असेल तिथं."

म्हणजे ज्या गावाला पाय लागायचे असतील, त्या गावाला. साध्वी याहून जास्त सांगत नाहीत. मदनलालना हे माहीत होतं. तरी त्यांना राग आला. आपल्या सात फेऱ्या आणि शंभर पानं एका शब्दात मोडीत निघाल्यासारखं त्यांना वाटलं.

दीपकंवरजींनी शेवटची गाठ मारली, दोरा तोडला. सुई एका चिंधीत टोचली आणि भिंतीला धरून उठल्या. उजवा गुडघा सुजलेला होता.

"कुठं निघालात?"

"सुई परत करायची आहे."

"आत्ता? या उन्हात?"

"दिवस मावळायच्या आत द्यावी लागते."

"उद्या विहार करून पुढच्या गावी जाणार म्हणून?"

"विहार करणार की नाही, ठाऊक नाही. सुई रोज आणली तर रोज परत करायची. गावात मुक्काम असो की वाटेवर."

"द्या इकडे. मी पोचवतो, जाता जाता."

"ज्यानं आणली त्यानंच द्यायची असते."

"एक सुई, महासतीजी! मी पाकीट आणून देतो, पंचवीस सुयांचं."

"मग पंचवीस परत कराव्या लागतील," दीपकंवरजी म्हणाल्या आणि उंबऱ्याकडे चालू लागल्या.

अर्पिताश्री निमूटपणे उठून मागे निघाल्या. मदनलालचा प्रश्न अजून अर्धाच राहिला होता. ते वही काखेत मारून त्यांच्या मागे.

चैत्राचं ऊन. डांबरी रस्ता तापलेला. दोघी साध्वी अनवाणी, नजर जमिनीवर, चार पावलांपुढचं बघत चालल्या होत्या. मदनलालच्या पायात चप्पल होती, तरी सावलीसावलीनं चालले होते तेच.

"समजा, गेलो," ते मागून बोलत राहिले. "तिथं मला कोण ओळखणार? इथं पेठेतून गेलो तर चार माणसं नमस्कार करतात. ते एक."

त्यांनी वही दुसऱ्या काखेत घेतली.

"समजा, राहिलो. मग म्हातारपणी मुलगा दीडशे कोसांवर... म्हणजे तेवढा लांब नाही, पण लांबच. ते दुसरं."

दीपकंवरजी एका मुंग्यांच्या रांगेपाशी थांबल्या, बाजूनं वळसा घालून पुढे गेल्या. मदनलालनी पण वळसा घातला. त्यांना उशिरा कळलं, आपण कशाला वळसा घातला ते.

"सकाळी गोचरीहून येताना झोळी एका शटरच्या कडीत अडकली," दीपकंवरजी म्हणाल्या. "तिथंच फाटली. तिथंच सुई मिळाली."

"कुणाच्या शटरला?"

त्या पेठेच्या कोपऱ्यावर वळल्या आणि थांबल्या.

समोर मदनलालचंच दुकान होतं.

दुपारची वेळ म्हणून शटर अर्धं खाली. बाहेर दगडी ओटा, त्यावर शिलाई मशीन आणि मशीनमागे सोपान मास्तर. साठीचा माणूस, गळ्यात टेप, कानावर खडू. मदनलालच्या दुकानात कापड घ्यायचं आणि ओट्यावर मास्तरांकडे शिवायला टाकायचं, ही पेठेची रीत सव्वीस वर्षांची.

मशीन बंद होतं. मास्तर हातावर हात ठेवून बसले होते. साध्वींना पाहून ते धडपडून उठले.

दीपकंवरजी ओट्याखालीच उभ्या राहिल्या.

"मास्तर, क्षणभर ओट्यावर टेकायचं आहे. तुमची आज्ञा आहे?"

मदनलाल पुढे झाले. "महासतीजी, असं काय? ओटा माझाच आहे. बसा, बसा."

त्या बसल्या नाहीत. ऊन कडक होतं, गुडघा दुखत होता, हे दिसत होतं. त्या सोपान मास्तरांकडे पाहत होत्या.

मास्तर गडबडले. "मला कशाला विचारता? ओटा शेठचा आहे."

"बसलेले तुम्ही आहात."

मास्तरांनी एकदा मदनलालकडे पाहिलं. मग खाली पडलेले कापडाचे तुकडे गोळा केले, एक कड मोकळी केली.

"बसा," ते हळूच म्हणाले.

दीपकंवरजींनी ओघ्यानं, जवळच्या लोकरीच्या कुंच्यानं, दगड अलगद झाडला आणि टेकल्या. अर्पिताश्री शेजारी बसल्या. मदनलाल उभेच. स्वतःच्या ओट्यापुढे ते असे उभे कधी राहिले नव्हते, आणि आता बसावं की बसू नये, हेही त्यांना सुचेना.

दीपकंवरजींनी चिंधी मशीनच्या फळीवर ठेवली.

"तुमची सुई."

"राहू द्यायची होती. डबाभर आहेत असल्या."

"ही एक मी घेतली होती."

मास्तरांनी सुई उचलली, टोक पाहिलं, मशीनला बांधलेल्या उशीत खोचली.

"सकाळीही मशीन बंद होतं," दीपकंवरजी म्हणाल्या.

"हो."

"काम नाही?"

"काम आलं होतं. शाळेचे गणवेश. दीडशे पोरांचे. हेडमास्तर स्वतः आले होते... नाही म्हटलं."

"नाही म्हटलं?" मदनलाल मधेच बोलले. "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? वर्षाचं काम ते! का नाही म्हटलंत?"

सोपान मास्तर टेप गुंडाळू लागले. गुंडाळून झाल्यावर बोलले.

"मापं आत्ता घ्यायची, कपडे जूनला द्यायचे. जूनला मी कुठं बसलेला असेन, ते मला ठाऊक नाही, शेठ."

पेठेतून एक टमटम गेली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मदनलालनी विचारलं.

"सांगितलं नाही कुणीच. तुम्ही आतून फोनवर बोलता, मी बाहेर असतो. मशीन थांबलं की सगळं ऐकू येतं."

"कधीपासून?"

"मागल्या वर्षीही गणवेश सोडले. तेव्हा तुमचं तिसऱ्या खेपेला नाशिकला जाणं झालं होतं. मला वाटलं, आता ठरलंच."

मदनलालना लाज वाटली. साधी, सरळ लाज, कानापर्यंत चढणारी. त्यांनी वही उघडली, उगाच पानं उलटली. डॉक्टर होते, वकील होते, तहसीलदार होता. बसस्टँडवरचा एक चहावालाही होता. त्याचा मेहुणा नाशिकला राहत होता म्हणून.

सोपान मास्तरांचं नाव कुठंच नव्हतं.

"मास्तर..." ते म्हणाले. "तुम्हाला विचारायचं राहिलं."

"मला काय विचारायचं? घर तुमचं, दुकान तुमचं, मुलगा तुमचा."

"तरी."

"जा की. पोरापाशी जायला कुणी नको म्हणेल का? फक्त कधी ते सांगा. दुसरा ओटा बघायला मला दोन महिने तरी लागतील. या वयात कुणी लगेच बसू देत नाही."

हे त्यांनी रडव्या सुरात म्हटलं नाही. बाहीचं माप सांगावं तसं सांगितलं. मदनलालना तेच जास्त लागलं.

ते ओट्याजवळ सरकले. मग थांबले.

"मास्तर... बसू का?"

सोपान मास्तर हसले. पायाशी ठेवलेली कापडाची गठडी त्यांनी उचलून पलीकडे ठेवली.

मदनलाल बसले. सव्वीस वर्षांत या ओट्यावर ते पहिल्यांदाच बसत होते. इथून दुकान वेगळंच दिसतं, शटर जरा जास्तच जवळ आहे, असं त्यांना वाटलं.

"रोज रात्री ठरवायचो," ते कुणालाच न सांगता बोलावं तसं बोलले. "जायचं म्हणून ठरवायचो. सकाळी दुकानात आलो आणि मशीनचा आवाज ऐकला की पुन्हा ही वही उघडायचो. मला वाटायचं, माहिती कमी पडतेय."

दीपकंवरजी समोरच्या लिंबाकडे पाहत होत्या.

"हेडमास्तर अजून शाळेत असतील का?" मदनलालनी विचारलं.

"पाचपर्यंत असतात."

"जाऊन सांगा, गणवेश घेतो म्हणून. जूनला तुम्ही इथंच बसलेले असाल. पुढच्या जूनलाही. दुकान दुसऱ्याला दिलं तरी ओटा तुमचा राहील, तसं त्याच्याकडून लिहून घेईन आणि मगच देईन."

"आणि तुम्ही?"

"मी...?" मदनलालनी वहीकडे पाहिलं. "माझं अजून ठरत नाही, मास्तर."

"मग आता ठरवा सावकाश," सोपान मास्तर म्हणाले. "मला घाई नाही."

त्यांनी टेप गळ्यात टाकला, चपला शोधल्या आणि साध्वींना वाकून नमस्कार करून शाळेच्या दिशेनं गेले. जरा भरभरच गेले.

दीपकंवरजी उठल्या. झोळी हातात घेतली. ऊन उतरायला लागलं होतं, पण रस्ता तापलेलाच होता.

मदनलाल बरोबर उठले. सवय अशी लगेच जाते थोडीच.

"महासतीजी, माझ्या प्रश्नाचं तसंच राहिलं. एवढ्या उन्हात तुम्ही आलात, मीही आलो... तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."

त्या ओट्यावरून खाली उतरल्या. आधी डावा पाय, मग जपून उजवा.

"सांगितलं होतं. तुम्ही आलात तेव्हाच."

"काय सांगितलं होतं?"

दोघी साध्वी चालू लागल्या होत्या, मदनलाल मागोमाग. मुंग्यांची रांग होती, तिथं वळसा घालताना दीपकंवरजी क्षणभर थांबल्या.

"दया पाळा."