अकरा फुल्या

फार पूर्वीची नाही, पण फार लांबची ही गोष्ट आहे. इटली देशाच्या उत्तरेला आल्प्सचे बर्फाळ डोंगर आहेत. तिथल्या एका अरुंद दरीत एक गाव होतं आणि त्या गावाला एक पाटकरी होता.

पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्याची राखण करणारा. वितळलेल्या बर्फाचं पाणी गावाच्या वाडवडिलांनी कडा फोडून, दगडी भिंती घालून पाटाने खाली आणलं होतं. त्याच पाण्यावर सफरचंदाच्या बागा पिकत आणि गाईंचं गवत वाढे. पाटात जागोजागी लहान लाकडी चाकं बसवली होती. पाणी वाहिलं की चाक फिरे, चाक फिरलं की हातोडी उचलली जाई आणि लोखंडी थाळीवर पडे. टण्, टण्, टण्. हा आवाज मंदावला किंवा थांबला की पाटकऱ्याने फावडं घेऊन धाव घ्यायची, अशी रीत होती. पाण्याच्या दरवाजाची किल्ली त्याच्या कमरेला असे. त्याच्याआधी ती त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या कमरेला होती.

माणूस कामाला चोख, पण स्वभावाने भलता संशयी. गाय दूध कमी देऊ लागली की कुणाची तरी नजर लागली, असं तो म्हणे. बायकोच्या हातून रश्श्यात मीठ जास्त पडलं, तर हे तिला कुणी शिकवलं असा प्रश्न त्याला पडे. सगळ्यांत मोठा संशय खालच्या गावावर. त्या गावाला पाणी कमी पडायचं, म्हणून ते लोक एक ना एक दिवस आपला पाट फोडणार, असं त्याने मनाशी धरलं होतं आणि येताजाता सगळ्यांच्या कानावरही घातलं होतं. खालच्या गावाने आजवर ओंजळभर पाणीसुद्धा चोरलं नव्हतं. त्यामुळे तर त्याचा संशय अधिकच वाढला होता.

एका उन्हाळ्यात गावात एक पाहुणी आली. वय साठीचं, पायात जाड बूट, हातात काठी. पाववालीच्या माडीवर तिने खोली घेतली. सकाळी निघायची ती दिवसभर दरी पालथी घालायची. जुन्या दगडी वाटेने चाल, टेकडीवरचा पडका बुरूज बघ, रानात फुलं हुडक, पाटावरच्या छोट्या प्रार्थनाघरात जाऊन भिंतीवरची शेकडो वर्षांची चित्रं न्याहाळ. एवढं सगळेच पाहुणे करतात. पण ही बाई दगडाला काठीने ठोकायची आणि कान लावायची.

पाटकऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. तो तिच्या मागावर राहिला. ती थांबली की हा झाडाआड थांबे, ती चालू लागली की हाही निघे. गुरुवारी दुपारी ती प्रार्थनाघराखाली आली. तिथे एका उंच भिंतीवरून पाट जातो. भिंतीचा दगडन्‌दगड तिने ठोकून पाहिला आणि खिशातून खडू काढून काही दगडांवर फुल्या केल्या. आता मात्र त्याला राहवेना.

"हे काय चाललंय, बाई?" तो पुढे होऊन म्हणाला.

"भिंत बघतेय. फार सुरेख बांधलीय," पाहुणी म्हणाली. "पण हे शेवटचं चाक असं सुस्त का फिरतं? वरची चाकं तर चांगली जोरात वाजतात."

कुठलं चाक सुस्त आहे याची चौकशी परक्या बाईला कशाला? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तो मनाशी म्हणाला.

"थंडीमुळे," त्याने तिला सांगून टाकलं. जून महिना चालू होता.

पाहुणीने खडू खिशात टाकला. "पाटकरीबुवा, मला तुम्हाला इथे काही दाखवायचंय. दोन मिनिटं थांबता का?"

"मला कामं आहेत. आणि या बाजूला फिरायचं तर गावाची परवानगी लागते." अशी परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती आणि कुणी दिलीही नव्हती.

"बरं," पाहुणी म्हणाली. "रविवारी गावाची बैठक असते ना, तिथेच सांगेन." आणि ती उतरून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर त्याने फुल्या मोजल्या. अकरा होत्या. खालच्या गावाचे लोक येतील तेव्हा त्यांना भिंत कुठे फोडायची हे कळावं, म्हणून या खुणा. याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. त्याने बाही पाण्यात भिजवून एकेक फुली पुसली. पुसताना प्रत्येक दगड नीट बघून ठेवला. चोर नेमका कुठे हात घालणार, हे राखणदाराला ठाऊक असायला हवं.

शुक्रवारी शेवटची हातोडी आणखी मंदावली. दुसरा कुणी असता तर पाणी कुठे जातंय ते शोधायला भिंतीखाली उतरला असता. हा वर गेला आणि पाण्याचा दरवाजा दोन आटे जास्त उघडून आला. पाट अशक्त झालाय हे चोरांना ऐकू जाता कामा नये, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. हातोडी पुन्हा खणखणू लागली आणि तो समाधानाने घरी जेवायला गेला.

शनिवारी सकाळी शेवटचा आवाज एकदम बंद पडला. पाटकरी धावला. प्रार्थनाघराखालची भिंत अर्धी कोसळली होती आणि पाटाचं पाणी दरीत पडत होतं. वर प्रार्थनाघराचा एक कोपरा नुसता अधांतरी राहिला होता. त्याने आधी दरवाजा बंद केला. परत येतो तो सगळं गाव तिथे जमलेलं.

"हे खालच्यांचं काम," कुणीतरी म्हणालं. लगेच चार जणांनी तेच म्हटलं. जवान माणसं घरोघर जाऊन कुऱ्हाडी घेऊन आली.

तेवढ्यात पाहुणी धापा टाकत वर आली. "कुणी फोडली नाही," ती म्हणाली. "भिंत आतून झिरपत होती. चाळीस वर्षं मी जुनी बांधकामं दुरुस्त केली आहेत. आत पोकळी असली की दगडाचा आवाज बदलतो. तसे अकरा दगड होते, मी त्यांच्यावर फुल्या केल्या होत्या. आता उरलेल्या भिंतीला टेकू दिले तर प्रार्थनाघर वाचेल. पण टेकू पोकळ दगडावर आला तर सगळंच खाली येईल. आणि आता ठोकून बघायचीही सोय नाही, भिंत तेवढंही सोसणार नाही. माझ्या फुल्या कुठे गेल्या?"

"खालच्यांनी पुसल्या असतील," एक जण म्हणाला. "चला रे." कुऱ्हाडी खांद्यावर चढल्या.

पाटकऱ्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. त्याला पुसताना कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं तर किल्ली कमरेलाच राहणार होती, आणि खालच्या गावात तासाभरात डोकी फुटणार होती. इतकी वर्षं ज्या भांडणाची तो वाट पाहत होता ते आयतं समोर आलं होतं. आणि त्याला भीती वाटत होती, ती स्वतःची.

"थांबा," तो म्हणाला. "फुल्या मी पुसल्या. काल दरवाजाही मीच जास्त उघडला."

"का रे बाबा?" पाववालीने विचारलं.

"मला वाटलं, ही बाई चोर आहे."

त्याने किल्ली सोडून पाववालीच्या हातात दिली. मग तो पाहुणीकडे वळला. "कुठले दगड ते मला माहीत आहे. एकेक मी लक्षात ठेवलाय."

"हा आता तरी खरं बोलतोय कशावरून?" कुऱ्हाडवाल्यांपैकी एका सुताराने विचारलं.

असा प्रश्न पाटकऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. त्यामुळे अशा प्रश्नाला उत्तर नसतं हे त्याला चांगलं माहीत होतं. तो एक वासा उचलून सरळ भिंतीखाली जाऊन उभा राहिला. "टेकू मीच लावतो," तो म्हणाला. "चुकलो तर माझ्याच अंगावर येईल."

पहिला टेकू त्याने एकट्याने लावला. गाव लांबून बघत होतं. भिंत हलली नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. चौथा वासा लांब होता, त्याच्याने एकट्याने उचलेना. सुताराने कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो भिंतीखाली आला.

"लांब उभा राहा," पाटकरी म्हणाला. "माझं चुकलं तर?"

"पुढे चल. वासा धर," सुतार म्हणाला.

प्रार्थनाघर वाचलं. पाट मात्र महिनाभर कोरडा राहिला, किल्ली वर्षभर पाववालीकडे राहिली आणि गावाचं गवत उभं वाळून गेलं. गाईंचे हाल सुरू झाले तसे खालच्या गावाहून गवताचे गाडे येऊ लागले. त्यांच्याकडे पाणी कमी, गवतही बेताचंच. त्यातलंच त्यांनी दिलं.

पहिला गाडा आला तेव्हा पेंढ्या उतरवून घ्यायला पाटकरी पुढे झाला. मान वर करायची त्याला लाज वाटत होती. गाडीवाल्याने पेंढी त्याच्या हातात देत विचारलं, "आपली ओळख नाही झाली. तुम्ही इथलेच का?"

वीस वर्षं ज्यांच्या धास्तीने पाटकऱ्याला धड झोप लागली नव्हती, त्यांना त्याचा चेहरासुद्धा माहीत नव्हता.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: सावध माणूस विचारून खात्री करून घेतो, संशयी माणसाची खात्री विचारण्याआधीच झालेली असते.