सोनारणीचा सूर

फार मागच्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात माणसांपेक्षा नियम जास्त होते.

तिथे एक सोनारीण राहायची. वय बासष्ट. नवऱ्यामागे दुकान तिनेच चालवलं. चाळीस वर्षं फुंकणीने ज्योत फुलवत तिने दागिन्यांना डाग देऊन त्यांचे सांधे जोडले. पुढे नजर मंदावली, तसं तिने दुकान सुनेकडे सोपवलं आणि थेट गुरवाचं दार गाठलं. गुरव देवीपुढे सनई वाजवायचा.

"बुवा, लहानपणापासून मनात आहे. मला सनई शिकवा."

बातमी पारावर पोचली. पंच हसले. गावचा नियमच होता: पहिला दुधाचा दात पडायच्या आत ज्याने सनई ओठाला लावली, त्यालाच ती वाजवायचा हक्क.

"सोनारीणबाई, तुमचा तर शेवटचाही पडला!" गावचे पाटील म्हणाले. "आता जपमाळ ओढा."

"माळा खूप ओवल्या, पाटील. आता सनईच हवी."

पाटील उखडले. त्यांनी गुरवाला दम भरला, "हिला शिकवलंस तर देवळातला मान गेला समज." गुरव घाबरला. शिकवेना.

सोनारीण रोज पहाटे देवळाच्या पायरीवर बसून त्याचं वादन ऐकायची. मग एक जुनी सनई घेऊन माळावर जायची. पहिले सहा महिने नुसते चित्कार निघाले. म्हशी उधळल्या.

"काकू, दुधं आटतील हो!" गवळणी ओरडल्या.

"मग लांब चारा," ती म्हणाली आणि पुन्हा फुंकू लागली.

वर्षभरात तिला एकच सूर आला. पण तो तुटत नसे. ज्योत विझू नये म्हणून नाकाने श्वास ओढत तोंडाने फुंकत राहायचं, हे तर ती चाळीस वर्षं करत आली होती.

जत्रा आली. देवीची पालखी नदीवर निघाली. देवळापासून नदीपर्यंत सनईचा सूर खंडता कामा नये, खंडला तर पालखी माघारी आणि जत्रा रद्द, अशी तिथली रीत. अर्ध्या वाटेवर गुरवाला धाप लागली. सूर थरथरला. तो विरणार, तोच गर्दीतून पुढे येत सोनारणीने आपली सनई ओठाला लावली.

"बंद कर ते!" पाटील गरजले.

"बंद कसं करायचं?" पालखीचे भोई म्हणाले. "सूर थांबला तर पालखी माघारी. रीत तुम्हीच सांगता ना, पाटील?"

पाटलांनी वाट सोडली. सोनारीण तो एकच सूर धरून चालत राहिली. ना तान, ना सजावट. मधूनच तो जरा चिरकतही होता. पण अखंड होता. गुरवाने दम खाल्ला आणि तिच्या सुरावर आपली धून उचलली. नदीपर्यंत दोघं शेजारी शेजारी वाजवत गेली.

पालखी पाण्याशी टेकली तेव्हा तिने सनई खाली घेतली. ओठ सुजले होते.

"उद्या दुसरा सूर शिकायचाय," ती पाटलांकडे बघत म्हणाली. "आणखी एखादा नियम सांगायचा असेल तर आत्ताच सांगा. सकाळी मला वेळ नसेल."

पाटलांनी मान फिरवली. बोलला तो गुरव. "पहाटे या, बाई. शिकवतो."

पुढच्या जत्रेत पालखीपुढे पाच सनया वाजल्या. वाजवणाऱ्यांतल्या तिघांचे केस पांढरे होते.

बोध: आपलं शिकायचं वय दुसऱ्याने ठरवलं, तर ते मानू नये.