साळिंदराचे काटे

माणसांनी टाकून दिलेले पत्ते पहिल्यांदा रानात आले, तेव्हाची ही गोष्ट. शेवटच्या चालीला पत्ते टाकून डाव सोडणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं खारींमधले वडीलधारे मानत. याच मानापायी झिपरी खारीचे बाबा आपली ढोली साळिंदराकडे हरले होते. ती परत मिळवायला झिपरी पावसाळ्यासाठी साठवलेल्या शेंगा घेऊन खेळायला बसली.

शेवटच्या चालीला साळिंदराने डाव दुप्पट केला. झिपरीकडे राजांची जोडी होती. साळिंदर घाबरला की त्याचे काटे वाजतात, म्हणून तिने कान टवकारले. साळिंदराचा एकही काटा वाजत नव्हता. तिने पत्ते टाकले.

"अगं, नाक कापलंस आमचं!" मागे बाबांशेजारी बसलेली आत्या कडाडली.

"आत्या, डाव काय नाकाने खेळतात?"

पुढच्या डावात साळिंदराने ढोलीच लावली. शेवटची चाल आली, तेव्हा मात्र त्याचे काटे खुळखुळत होते. झिपरीच्या हातात एक गुलाम सोडला तर काहीच नव्हतं. तरी तिने उरलेल्या सगळ्या शेंगा पुढे सरकवल्या. साळिंदर बराच वेळ घुटमळला आणि त्याने पत्ते टाकले.

"शेवटी रक्त आमचंच!" आत्या मिरवू लागली.

झिपरीने बाबांना उठवलं आणि ढोलीची वाट धरली.

"रक्त तर बाबांचंही तेच होतं, आत्या."