राणीचा रथ आणि चाळीस पावलं

नदीकाठच्या एका लहानशा राज्यात इंदुलेखा नावाची राणी होती. तिला रथ हाकायची भारी हौस. दरवर्षी जत्रेला ती स्वतः रथ हाकत नदीच्या घाटावर जाई. वाटेत चिंचेचं झाड आलं की ती लगाम खेची, तिचा सारथी हैबती चाकांवर लाकडी ठोकळे दाबी आणि चाळीस पावलांत रथ घाटाच्या पायरीशी थांबे.

एका वर्षी शेजारचा राजा जत्रेला पाहुणा येणार होता. राणी म्हणाली, "हैबती, यंदा दुप्पट वेगानं जायचं!"

"पण थांबायचं कसं, राणीसाहेब?"

"सोपं आहे. वेग दुप्पट, तर जागाही दुप्पट. ऐंशी पावलं आधी लगाम खेचू."

हैबतीला पटलं. प्रधानांनाही पटलं. राणीच्याच मनात मात्र काहीतरी खुपत राहिलं. पायऱ्यांवर बायकापोरं दाटीनं बसलेली असतात. आपलं चुकलं तर?

"आधी माळावर करून बघू," ती म्हणाली.

प्रधान कुजबुजले, "कशाला? चुकलं तर लोक हसतील."

"हसू देत."

माळावर पायरीच्या जागी कडब्याच्या पेंढ्या रचल्या. राणीनं घोडे भरधाव सोडले आणि ऐंशी पावलं आधी लगाम खेचला. रथ पेंढ्या उधळत पार पुढे निघून गेला! लोक खो खो हसले. राणीचं तिकडे लक्षच नव्हतं. केसांतला कडबा न झटकता ती खाली उतरली आणि लगाम खेचल्या जागेपासून पावलं मोजू लागली. एकशेसाठ!

"चौपट? हे कसं झालं?"

तिनं पुन्हा पुन्हा रथ पळवला. लगाम खेचल्यापासून रथ थांबेपर्यंत हैबती एक, दोन, तीन असे आकडे मोजत राहिला. शेवटी तो म्हणाला, "राणीसाहेब, वेग दर आकड्याला सारखाच उतरतोय. म्हणून थांबायला वेळ दुप्पट लागतोय."

राणी टाळी वाजवून ओरडली, "आणि त्या दुप्पट वेळात रथ सरासरी दुप्पट वेगानं पळतोय! दोन दुणे चार. म्हणून जागा चौपट!"

घाटाजवळ एवढी सरळ वाट नव्हतीच. जत्रेच्या दिवशी रथ नेहमीच्याच वेगानं आला आणि पायरीशी थांबला. पाहुणा राजा म्हणाला, "घोडे थकलेत वाटतं?"

राणीनं हसून पुढे बोट दाखवलं. रथापुढे हातभर अंतरावर एक चिमुरडी पाठमोरी बसून बत्तासे खात होती. तिनं मागे वळून पाहिलं आणि एक बत्तासा घोड्यापुढे धरला.

तात्पर्य: सगळ्यांना पटलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही; ज्यावर दुसऱ्यांचा जीव अवलंबून आहे, ते आधी करून पाहावं आणि चुकलं तर लाजण्यापेक्षा का चुकलं ते शोधावं.