भिवरेने राखलेला पाट

एका राज्यात, बरं का, मूलद्रव्यांची पंगत बसत असे. हायड्रोजन, लोखंड, सोनं, पारा, सगळी आपापल्या पाटावर. विकटनाथ मांत्रिकाने ती पंगत उधळली आणि राज्याला शाप लागला. भट्टीत तांबं वितळेना, मीठ खारट लागेना. पंगत लावायला जाई तो शिशाचा पुतळा होई. धातू ओतणाऱ्या भिवरा ओतारणीचा नवरा सुभानजी तसाच चौकात उभा होता.

त्याचा पुतळा होऊन सात महिने झाले, तेव्हा भिवरा पुढे झाली. मांत्रिकाने तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडलं. "हे बुडायच्या आत तीन कामं. चुकलीस तर नवऱ्याशेजारी उभी."

"उभी राहीन. काम सांगा, नाथजी."

पहिलं काम, सर्वांत हलक्याला पहिल्या पाटावर बसवायचं. हायड्रोजन निसटून वर पळे. भिवरेने घागर उपडी धरली. तो तिच्यातच अडकला.

दुसरं काम, सारखे दिसणारे तीन धातूभाऊ ओळखायचे. तिने एकेकाचा कण पाण्यात टाकून पाहिला. लिथियम फसफसलं, सोडियम पाण्यावर सैरावैरा धावलं, पोटॅशियम जांभळं पेटलं. तिघांना तिने एकाखाली एक बसवलं, तशा वरच्या ओळी आपोआप भरल्या.

"आता तिसरं काम, चौथी ओळ लावायची," विकटनाथ म्हणाला. "हलकं आधी, जड नंतर. आणि वरच्याशी स्वभाव जुळला पाहिजे."

ॲल्युमिनियमखाली गॅलियम बसलं. पुढचा पाट सिलिकॉनखालचा, आणि वजनाने पाळी आली सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची. पण सोमलाचा स्वभाव सिलिकॉनपलीकडच्या स्फुरदाचा, फॉस्फरसचा! भिवरा थबकली. तिची पावलं जड झाली. बघते तर घोट्यापर्यंत शिसं.

सुभानजीच्या खांद्यावरून साळुंकी ओरडली, "अगं बाई, बसव की! पंगतीत पान रिकामं ठेवतात का कुठे? आजवर सगळ्यांनी तिथेच बसवलं."

"आणि सगळे पुतळे झाले," भिवरा म्हणाली. तिने सोमलाला स्फुरदाखाली बसवलं. मधला पाट तसाच राहिला.

विकटनाथ हसला. "जागा सुटली!"

"सुटली नाही, राखली. सात महिने घरी धन्याचं पान मांडतेय मी. ते आले नाहीत म्हणून शेजाऱ्याला बसवलं नाही तिथे. याचाही धनी येईल. करडा असेल, गॅलियमहून जड, सोमलाहून हलका, आणि वळण सिलिकॉनचं."

घटिकापात्र काठोकाठ भरलं. शिसं कमरेशी आलं.

तोच भुई तडकली. एक करडा, चकचकीत खडा वर आला आणि गुमान पाटावर बसला. तो जर्मेनियम.

विकटनाथाची राख झाली. शिसं खपल्यांसारखं गळून पडलं. सुभानजी डोळे चोळत म्हणाला, "फार वेळ उभा होतो का गं?"

"थोडा. चला, भट्टी पेटवायचीय."

पंगतीत आणखी काही पाट मोकळे होते. राजाने दवंडी पिटवली, ज्यांचे पाट त्यांना येऊ द्यावं, घाईने कुणी ते भरू नयेत. तिथली प्रजा तेव्हापासून सुखात आहे, तशी तुमचीही असो.